औषधाची सोय झाली, माणसांचे काय?

जुईनगरच्या एखाद्या इमारतीतील भाड्याच्या खोलीत रात्री दीडच्या सुमारास आईच्या हाताला मुलाचे कपाळ तापलेले लागते. घरोघरी मुलांना ताप येतो. औषधाचा चमचा दिला की सकाळपर्यंत तो उतरतो. या घरातील सहा वर्षांच्या मुलावर मात्र ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे उपचार सुरू आहेत. केमोथेरपीच्या मात्रेनंतर त्याच्या रक्तातील जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळपास संपलेल्या असतात. अशा मुलाच्या तापमापकातील पारा १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर तो ताप साधा राहत नाही. रुग्णालयात पोहोचल्यापासून साठ मिनिटांच्या आत शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, असा जगभरचा दंडक आहे. हार्बर मार्गावरची शेवटची लोकल निघून गेलेली असते. वडील गावी, कामावर असतात. आईपुढे तीन प्रश्न असतात. तापाचे औषध द्यावे की नाही? कोठे जावे? आणि विचारावे कोणाला?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल दिल्यास ताप तात्पुरता दबतो आणि जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. हे उत्तर आईला ठाऊक असेल, तर ते कोणी तरी तिला आधी बसवून समजावून सांगितलेले असते, बहुधा दोनदा आणि तिच्या भाषेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरेही अशाच कोणा माणसावर अवलंबून असतात. बालकर्करोगाच्या उपचारांची चर्चा आपल्याकडे औषधे, यंत्रे आणि त्यांच्या किमती यांच्याभोवती फिरते. ही मधली माणसे, म्हणजे परिचारिका, वैद्यकीय समाजसेवक, आहारतज्ज्ञ, समुपदेशक, चर्चेत क्वचितच येतात. अंदाजपत्रकात तर त्याहूनही कमी.

जुईनगरचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. सानपाडा आणि नेरूळ यांच्यामधले हे स्थानक देशातील कर्करोग उपचारांच्या दोन मोठ्या ठिकाणांच्या मधल्या वाटेवर आहे. एका बाजूला परळचे टाटा स्मारक रुग्णालय, जे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. दुसऱ्या बाजूला चार स्थानकांवर असलेल्या खारघरमध्ये त्याच संस्थेचे 'अॅक्ट्रेक' हे उपचार व संशोधन केंद्र. परळमधील मज्जारोपणाचा विभाग २००७ मध्ये खारघरला हलला आणि रुग्णांचा ओघही नवी मुंबईकडे वळू लागला. विदर्भ-मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहार-बंगालमधून मूल घेऊन आलेल्या कुटुंबाला राहायला जागा हवी असते. सेवाभावी संस्थांच्या निवासात ती मिळाली तर उत्तमच. नाही तर हार्बर मार्गावर परवडेल तेथे खोली घ्यायची, आणि तारीख असेल त्याप्रमाणे कधी वडाळ्याच्या दिशेने तर कधी पनवेलच्या दिशेने गाडी धरायची. रविवारच्या मेगाब्लॉकने इतरांचा फार तर सुटीचा बेत बिघडतो. या कुटुंबाचा हिशेब वेगळा असतो.

आजार बरा होतो, पण...

रक्ताचा कर्करोग म्हणजे मृत्यूची चिठ्ठी, ही समजूत हिंदी चित्रपटांनी आपल्या मनात इतकी घट्ट बसवली आहे, की ती काढणे हेच या चमूचे पहिले काम होऊन बसते. १९७८ च्या 'अँखियों के झरोखों से'मधील नायिकेला ल्युकेमिया होता, आणि प्रेक्षकाला शेवट आधीच ठाऊक होता. त्या काळी वस्तुस्थितीही फारशी वेगळी नव्हती. पण १९८४ पासून मुंबईचे टाटा स्मारक, चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीची 'एम्स' या तीन संस्थांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने 'एमसीपी ८४१' ही एकच उपचारपद्धती अवलंबली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या लेखाजोख्यानुसार, चार वर्षांनंतरही आजार न उलटलेल्या रुग्णांचे प्रमाण या केंद्रांत ४१ ते ६० टक्क्यांपर्यंत गेले होते. आज मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा बऱ्या होणाऱ्या आजारांमध्ये गणला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना आणि किशोरवयीनांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यातील ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. संघटनेने २०१८ मध्ये जागतिक मोहीम हाती घेऊन २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुले वाचवण्याचे उद्दिष्ट ठेवले. ल्युकेमियाची मूळ औषधे जुनी आहेत, त्यांपैकी बहुतेकांची पेटंटे कधीच संपली आहेत आणि ती भारतातच बनतात. मग ही दरी एवढी मोठी का? उशिरा होणारे निदान, कुपोषण, जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू आणि अर्धवट सोडलेले उपचार ही त्याची ठळक कारणे. यांतील एकाही कारणावर केवळ नवे औषध हा उतारा नाही.

ही गोष्ट बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांच्या फार पूर्वी लक्षात आली होती. ल्युकेमियाच्या मुलांवर त्यांनी अमिनोप्टेरिन हे औषध वापरले आणि १६ पैकी १० मुलांत आजार तात्पुरता मागे हटल्याचे १९४८ मध्ये जाहीर केले. केमोथेरपीची सुरुवात म्हणून ही घटना सांगितली जाते. हे औषध लेडर्ली प्रयोगशाळेत ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले, ते डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव मूळचे आंध्रातील भीमावरमचे, हेही अधूनमधून सांगितले जाते. फार्बर यांची दुसरी देणगी मात्र विसरली जाते. डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक, आहारतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ यांनी एका छताखाली, एकाच मुलासाठी एकत्र निर्णय घ्यावेत, असा त्यांचा आग्रह होता. या पद्धतीला त्यांनी 'टोटल केअर' म्हटले. औषधाचा शोध जगाने तत्काळ उचलला. दुसऱ्या भागाला खर्च येतो आणि त्याचे पेटंट घेता येत नाही.

परिचारिकेची वही

ल्युकेमियाच्या उपचारांचा कालावधी साधारण दोन ते अडीच वर्षांचा. पहिले काही महिने तीव्र केमोथेरपीचे असतात. त्यानंतरचा मोठा काळ घरी राहून गोळ्या घेण्याचा. मर्कॅप्टोप्युरिनची गोळी रोज आणि मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदाच. या 'एकदाच'मध्ये जीव अडकलेला असतो. साप्ताहिक गोळी चुकून रोज दिली गेली तर ती विषासारखी काम करते, तोंडात व्रण येतात आणि रक्तपेशी कोसळतात. म्हणून अनुभवी परिचारिका आईच्या वहीत वार लिहून देते, अक्षरओळख नसेल तर दिनदर्शिकेवर खूण करून देते, अर्धी गोळी कशी मोडायची ते हातात गोळी देऊन दाखवते. उलट बाजूने, गोळ्या चुकल्या तरी किंमत मोजावी लागते. डॉ. स्मिता भाटिया यांनी अमेरिकेतील मुलांवर केलेल्या अभ्यासात, मर्कॅप्टोप्युरिनच्या ९५ टक्क्यांहून कमी मात्रा घेणाऱ्या मुलांमध्ये आजार उलटण्याचा धोका अडीच पटींहून अधिक आढळला. ९५ टक्के म्हणजे महिन्यातून दोन गोळ्या चुकल्या की मूल धोक्याच्या रेषेखाली गेले. अमेरिकेत ही अवस्था, तर पाणी कधी येते आणि मुकादम कधी बोलावतो यावर ज्यांचा दिवस ठरतो, त्या घरांत काय होत असेल याची कल्पना करता येते.

रुग्णालयातील परिचारिकेची जबाबदारी याहून कठोर आहे. व्हिन्क्रिस्टिन हे ल्युकेमियाचे महत्त्वाचे औषध शिरेतूनच द्यायचे असते. त्याच मुलाला दुसरे एक औषध पाठीच्या कण्यातून दिले जाते. दोन सिरिंजांची अदलाबदल होऊन व्हिन्क्रिस्टिन कण्यात गेले, तर बहुतेक वेळा मृत्यू अटळ असतो. असे अपघात जगभर घडल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये इशारा काढला, की हे औषध सिरिंजमध्ये भरूच नये. सलाइनच्या छोट्या पिशवीत मिसळून द्यावे. पिशवी कण्यात टोचता येत नाही, इतका साधा तोडगा. पण तो रोज, दर मुलामागे, कोणी तरी पाळावा लागतो.

या पार्श्वभूमीवर आंतरराष्ट्रीय बालकर्करोग संघटनेने, म्हणजे 'सिऑप'ने, २०१४ मध्ये गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी परिचर्येचे किमान निकष जाहीर केले. बालकर्करोग कक्षात पाच मुलांमागे एक परिचारिका, अतिदक्षता आणि मज्जारोपण विभागात दोघांमागे एक, कामावर रुजू होताना स्वतंत्र प्रशिक्षण, आणि मुख्य म्हणजे या परिचारिकांची इतर विभागांत फिरती बदली नको, असे ते सांगतात. आपल्या सार्वजनिक रुग्णालयांच्या व्यवस्थेला सर्वांत अवघड वाटेल ती हीच शेवटची अट. ठरावीक काळाने विभाग बदलणे हा येथे न्याय्य वाटपाचा भाग मानला जातो, आणि परिचारिकांच्या बाजूने पाहिले तर त्यात तथ्यही आहे. या कक्षातील मानसिक ताण सोपा नाही. परंतु केमोथेरपी देण्यात तयार झालेला हात उद्या अस्थिव्यंग विभागात पाठवला, तर त्या शिक्षणाचा खर्च वाया जातो आणि पुढच्या मुलाच्या वाट्याला नवखा हात येतो.

उपचार सोडून गेलेली मुले

समाजसेवकाचे काम याहून कमी दिसते आणि त्याचा परिणाम आकड्यांत मात्र स्पष्ट दिसतो. टाटा स्मारक रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात २००९ च्या सुमारास पाचांतील जवळपास एक मूल उपचार नाकारून वा अर्धवट सोडून जात असे. नंतर 'इम्पॅक्ट' या उपक्रमाखाली मदतीची यंत्रणा एकत्र बांधली गेली. पैसे, निवास, रक्त, अन्न, शाळा, समुपदेशन यांची चौकशी कुटुंब दाखल होतानाच सुरू झाली. तारखेला न आलेल्या मुलाच्या घरी फोन जाऊ लागला. पुढील सहा-सात वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. तीच औषधे, तेच डॉक्टर आणि जवळपास तीच गरिबी असताना घडलेला हा बदल आहे. एखाद्या औषधाने एवढा फरक पाडला असता, तर त्याच्या जाहिरातींनी वर्तमानपत्राचे पहिले पान भरले असते.

मूल बरे होत असताना आईवडील उपचार का सोडतात, हा प्रश्न शहरी वाचकाला पडतो. आणि त्यात न कळत एक आरोपही असतो. वस्तुतः सोडण्याची वेळ बहुधा मूल बरे दिसू लागल्यावरच येते. पहिल्या महिन्यानंतर सूज उतरते, भूक लागते, काही काळाने केस परततात. गावी दुसरे मूल आजीजवळ असते, पेरणी तोंडावर असते, कर्ज वाढत असते. दिसायला धडधाकट मुलासाठी आणखी दोन वर्षे जुईनगरला खोली ठेवायची, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या पेशी अजून शरीरात आहेत, हे ज्याने त्या बापाला त्याच्या शब्दांत समजावले, आणि जाण्यायेण्याच्या भाड्याचीही वाट काढून दिली, तोच येथे उपयोगी पडतो. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण सवलत असते, सोबत्याला ७५ टक्के. पण त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो, आणि दाखला मागायचा असतो हे आधी कोणी तरी सांगावे लागते.

पोषणाचेही तसेच. कुपोषित मुलाला केमोथेरपी सोसत नाही आणि मात्रा पुढे ढकलाव्या लागतात. २०१३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'कडल्स फाउंडेशन'ने रुग्णालयांत आहारतज्ज्ञ आणि पोषक आहार पुरवण्याचे काम हाती घेतले. 'सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स' २००६ पासून अशा कुटुंबांना विनामूल्य निवास देतात, खारघरमध्येही. तेथे प्रत्येक कुटुंब आपापला स्वयंपाक करते, कारण बाहेरचे अन्न या मुलांना वर्ज्य असते. वंदना गुप्ता यांनी स्वतः कर्करोगातून बरे झाल्यावर १९९४ मध्ये उभी केलेली 'व्ही केअर' आहे. शाळा बुडू नये म्हणूनही प्रयत्न होतात. नावे आणखी घेता येतील. या साऱ्या संस्थांचे काम मोलाचे आहे, आणि नेमका तेथेच विश्लेषकाने थांबून विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

उपचाराचा अत्यावश्यक भाग देणगीवर का चालावा? महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण राज्याने २०२३ च्या निर्णयाने वाढवून प्रति कुटुंब प्रति वर्ष पाच लाख रुपये केले, सर्व शिधापत्रिकाधारकांना त्यात आणले. हे पाऊल मोठेच आहे. १९९७ च्या जीवनदायी योजनेपासूनचा प्रवास पाहिला तर अधिकच. परंतु योजनेचे पैसे ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजनुसार रुग्णालयाला मिळतात. केमोथेरपीच्या आवर्तनाला दर आहे. आईला तासभर बसवून तापाचे नियम शिकवण्याला दर नाही. तारीख चुकवलेल्या कुटुंबाला केलेल्या चार फोनना दर नाही. जुईनगरच्या खोलीचे भाडे, बुडालेली मजुरी, अंड्यांचा आणि दुधाचा खर्च यांतले काहीच पॅकेजमध्ये बसत नाही. मग ही पदे देणग्यांतून आणि कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून भरली जातात. देणगीदाराला इमारत, यंत्र, रुग्णवाहिका द्यायला आवडते, त्यावर पाटी लावता येते. समुपदेशकाच्या पगारावर पाटी कोठे लावणार? शिवाय असा निधी वर्षावर्षाच्या कराराने येतो, आणि मुलाचा उपचार अडीच वर्षांचा असतो.

खारघरच्या मज्जारोपण विभागात ४ जून २०२१ रोजी देशातील पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती वापरली गेली. आयआयटी मुंबई, टाटा स्मारक आणि 'इम्युनोअॅक्ट' यांच्या प्रयत्नांतून साकारलेल्या स्वदेशी 'नेक्सकार १९'ला २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली, आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी परळला नऊ वर्षांच्या मुलीवर देशातील पहिले यशस्वी मज्जारोपण केले, त्या परंपरेतले हे पुढचे पाऊल आणि अभिमानाची गोष्ट. पण ही पद्धती आजार उलटलेल्यांसाठी आहे. पहिल्याच फेरीत गोळ्या न चुकवता अडीच वर्षे पार पाडणाऱ्या मुलाला बहुधा तिची गरज पडत नाही.

ताप नेरूळला उतरवता येईल का?

प्रश्न पुन्हा रात्रीच्या त्या तापाकडे येतो. जुईनगरहून परळ दूर आहे, खारघर तुलनेने जवळ. त्याहून जवळ, एकाच स्थानकावर, नेरूळला महापालिकेचे माँसाहेब मीनाताई ठाकरे रुग्णालय आहे. वाशीला सार्वजनिक रुग्णालय आहे. ब्रिटनमध्ये अशा मुलांचा मुख्य उपचार मोठ्या केंद्रात होतो. ताप, रक्ततपासणी, रक्त चढवणे ही कामे घराजवळच्या जिल्हा रुग्णालयातील प्रशिक्षित विभाग सांभाळतो. दोघांकडे एकच कागद, एकच नियमावली असते. भारतात २०१२ पासून टाटा स्मारकाच्या पुढाकाराने राष्ट्रीय कर्करोग ग्रिड उभे आहे; देशभरातील तीनशेहून अधिक केंद्रे आणि संस्था त्यात आहेत. समान उपचारसूत्रे हा त्याचा पायाच आहे. तेव्हा नवी मुंबईसारख्या, स्वतःची रुग्णालये असलेल्या महापालिकेत हा प्रयोग करणे अशक्य कोटीतले नाही. त्यासाठी मज्जारोपण विभाग उभारायचा नाही. रात्रपाळीच्या डॉक्टरला आणि परिचारिकेला हा ताप ओळखण्याचे शिक्षण, दोन-तीन प्रतिजैविकांचा कायम साठा, आणि खारघरशी चोवीस तास चालू असलेला एक दूरध्वनी, एवढीच त्याची सुरुवात आहे.

यात अडचणी नाहीत असे नाही. मोठ्या केंद्राचे डॉक्टर आपले मूल दुसऱ्या हाती द्यायला कचरतात, आणि लहान रुग्णालयातील डॉक्टर 'केमोचे मूल' म्हटले की जबाबदारीच्या भीतीने पुढे पाठवून देतात. दोन्ही भीती समजण्यासारख्या आहेत. पण या पाठवापाठवीतच तो एक तास निघून जातो.

नागरिकांच्या वाट्यालाही काही गोष्टी येतात, आणि त्या फार मोठ्या नाहीत. लोकलच्या दिव्यांग डब्यात कर्करुग्णाला प्रवासाची मुभा आहे. तोंडाला मास्क बांधलेल्या, वरवर धडधाकट मुलाला घेऊन चढलेल्या बाईला तेथे ओळखपत्र दाखवून भांडावे लागू नये. मुलांना लागणाऱ्या प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही. महाविद्यालये बंद असतात त्या मे महिन्यात रक्तपेढ्यांची ओढाताण ठरलेली, आणि परगावच्या कुटुंबाला रक्तदाता आणायला येथे नातेवाईक नसतात. कर्करोग संसर्गजन्य नाही, हे गृहनिर्माण संस्थेच्या सभेत एकदा मोठ्याने सांगितले, तर एखाद्या कुटुंबाची खोली वाचते. संसर्गाचा धोका उलट त्या मुलालाच शेजारच्या गोवर-कांजिण्यांपासून असतो.

सगळीच मुले बरी होत नाहीत, आणि चमूची गरज तेव्हा संपत नाही. वेदनाशमनाची सेवा म्हणजे 'आता काही उरले नाही' असे सांगणे, ही समजूत डॉक्टरांतही आढळते. प्रत्यक्षात ती निदानाच्या दिवसापासून सुरू व्हायला हवी. बऱ्या झालेल्यांचा पाठपुरावाही वर्षानुवर्षे लागतो, कारण औषधांचे परिणाम हृदयावर, वाढीवर, पुढे मातृत्व-पितृत्वावर दिसू शकतात. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९१ मध्येच उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली 'उगम' हा बऱ्या झालेल्या तरुणांचा गट तयार झाला. नव्याने दाखल झालेल्या मुलाच्या आईला, जो कधी याच खाटेवर होता असा पंचविशीचा तरुण समोर बसून बोलताना दिसतो, तेव्हा चित्रपटातला शेवट तिच्या मनातून पुसायला वेगळ्या समुपदेशनाची फारशी गरज उरत नाही.

राज्याच्या योजनेत उपचारांच्या पॅकेजबरोबर बालकर्करोग केंद्रांसाठी परिचारिका, समाजसेवक आणि आहारतज्ज्ञ यांची पदे मंजूर करायची की नाही, हा निर्णय शासनाचा आहे. नेरूळच्या रात्रपाळीत तापाची नियमावली लावायची की नाही, हा महापालिकेचा. तोपर्यंत जुईनगरच्या त्या आईच्या पिशवीत एक घडी घातलेला कागद असतो. त्यावर मुलाचा आजार, शेवटच्या केमोची तारीख आणि कोणा परिचारिकेने पेनने लिहून दिलेला फोन क्रमांक असतो.